कोऱ्या रोलातली डाकण

घडियाळी पोळेच्या अरुंद गल्लीत त्या रविवारी सकाळी नऊलाच एवढी गर्दी लोटली, की दूधवाल्याला स्कूटर पोळेच्या तोंडाशी उभी करून पायी आत यावं लागलं. मानसिंगरावांच्या ओट्यावर, पायऱ्यांवर, समोरच्या गच्चीवर माणसंच माणसं. सगळ्यांना एकच पाहायचं होतं: छबीबापू आज कुणाच्या तोंडावरचा मुखवटा उतरवतात.

छबीबापू म्हणजे नुसते अंगात आणून घुमणारे साधे भुवा, मांत्रिक, नव्हेत. त्यांच्याजवळ जुना कॅमेरा होता, बाह्यांची काळी पिशवी होती, 'त्रिवेणी जला'च्या तीन बाटल्या होत्या आणि दोन दांडगे चेले होते. कोऱ्या रोलवर माणूस टिपला की त्याच्या आतला जीव कागदावर उतरतो, आत डाकण असेल तर डाकण दिसते, असं त्यांचं म्हणणं. मागच्या महिन्यात नंदेसरीकडच्या एका वस्तीत अशीच एक बाई 'दिसली' होती. ती अजून दवाखान्यात होती. हे ऐकून लोकांनी बापूंना चार हात दूर ठेवायला हवं होतं. लोकांनी त्यांची तारीख मागितली.

"मोबाईलमां तो फिल्टर छे, भाई!" बापू ओट्यावरून गरजले. "मोबाईल काळ्याला गोरं करतो, जाड्याला बारीक करतो, मेलेल्याला नाचवतो. पण रोल? रोल कधी जूठ बोलत नाही! आणि रोल माझा नाही, हां. समरजितभाई, कुठून आणला?"

"लहरीपुऱ्यातून," मानसिंगरावांचा मुलगा समरजित म्हणाला. "दुकानदारानं मुद्दाम मागवून दिला. ब्लॅक अँड व्हाइट."

"नवा?"

"एकदम नवा. सील मीच तोडलं."

"जय माताजी!" गर्दीनं आरोळी ठोकली.

दाराच्या चौकटीला टेकून विमल हे सगळं ऐकत होती. ती मानसिंगरावांची धाकटी बहीण. शेजारच्याच घरात एकटी राहायची. बत्तीस वर्षं तिनं एका दवाखान्याच्या एक्स-रे विभागात, डार्करूममध्ये काढली होती. तिची नजर मात्र बापूंवर नव्हती, स्नेहलवर होती.

स्नेहल ही समरजितची बायको. दोन वर्षांपूर्वी ती या घरात आली आणि तेव्हापासून जे जे वाईट घडलं ते तिच्या नावावर जमा होत गेलं. सासूबाई कुसुमावतींना अर्धांगवायू झाला, समरजितची कारखान्यातली नोकरी गेली, स्नेहलचंच पोटातलं मूल गेलं. तिचं मूल गेलं, त्यातही दोष तिचाच! आता सगळे बापूंकडून फक्त शिक्कामोर्तब व्हायची वाट पाहत होते.

परवा संध्याकाळी भिंतीपलीकडून चपराकीचा आवाज आला, तेव्हा विमलनं टीव्हीचा आवाज वाढवला होता. नवरा-बायकोच्या मधे कशाला पडा, असं स्वतःला समजावलं होतं. आज स्नेहलच्या गालावरचे काळेनिळे वळ पाहून तिला स्वतःचीच किळस आली. याच पोरीनं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर विमलचा मोबाईल नीट करून दिला होता. पांढरा पडदा डोळ्यांना टोचतो म्हणताच तिनं कुठलंसं बटण दाबून सगळे रंग उलटे करून टाकले. काळ्यावर पांढरी अक्षरं. त्यात फोटोही उलटे दिसायचे. स्वतःचा फोटो पाहून स्नेहल पोट धरून हसली होती. "आत्या, बघा, मी भूत!"

बापूंनी 'आधी मी कसोटीला उतरतो' म्हणत पहिला फोटो चेल्याकडून स्वतःचा काढवून घेतला. मग अंगणातल्या उजेडात पाटावर एकेकाला बसवलं. मानसिंगराव फेटा बांधून बसले. कुसुमावतींना उचलून आणलं. समरजित बसला. स्नेहलला दंडाला धरून बसवलं. मग शेजारीपाजारी. रोल काळ्या पिशवीत गेला, आतल्या आत डब्यात बंद झाला आणि डब्यात एकामागून एक त्रिवेणीचं जल पडलं.

दुसरी बाटली उघडताच विमलच्या नाकात व्हिनेगर शिरलं. तिसरी उघडली आणि तिची खात्रीच पटली. तो हायपोचा वास होता. बत्तीस वर्षं तिच्या पदराला येणारा.

"दादा," ती मानसिंगरावांना हळूच म्हणाली, "ही फोटो धुवायची औषधं आहेत. यात देव कुठला?"

"विमल, तू गप्प बैस," मानसिंगराव डाफरले. "हा तुझा दवाखाना नाही."

बापू स्वयंपाकघरात शिरले. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, आत तांबडा दिवा. अकराच्या सुमाराला ते ओले कागद घेऊन बाहेर आले. मानसिंगरावांचा फोटो हातोहात फिरला. पांढऱ्या मिशा, वर रुबाबदार फेटा. कुसुमावती, समरजित, शेजारी, सगळे जसेच्या तसे. बापूही फोटोत प्रसन्न. लोक माना डोलवू लागले.

मग बापूंनी शेवटचा कागद उंच धरला.

काळाठिक्कर चेहरा. पांढरे केस, पांढरे ओठ. डोळे काळे आणि त्यात पांढऱ्या बाहुल्या. आणि गालावर लखलखत्या चार रेघा.

"डाकण!" बापू किंचाळले. "आ जुओ, हे बघा, चार नखं! चार बळी घेतले हिनं! सासूचं अंग, नवऱ्याची नोकरी, पोटचं मूल..."

"आणि चौथा?" गच्चीवरून कुणीतरी विचारलं.

"मागच्या दिवाळीत आमची ॲक्टिव्हा चोरीला गेली!" समरजित घाईघाईनं म्हणाला. हिशेब जुळला म्हणून गर्दीला केवढं समाधान झालं!

पुढचं फार झपाट्यानं घडलं. एका चेल्यानं स्नेहलचे केस धरून तिला फरफटत अंगणातल्या होमापाशी आणलं. दुसऱ्यानं पाठीत लाथ घातली. "मी काही केलं नाही हो, मामंजी!" ती ओरडत होती. मामंजी जमिनीकडे पाहत राहिले. समरजितनं तिचे दोन्ही हात पाठीमागे पिरगाळून धरले. बापूंनी निखाऱ्यातून लाल झालेली सांडशी काढली.

"चार रेघा, चार डाग. मग डाकण नाव कबूल करशे!"

पहिला डाग दंडावर बसला. स्नेहलच्या किंकाळीनं समोरच्या कबुतरांचा थवा उडाला. जळक्या कातड्याचा वास पसरला, आणि त्या गर्दीतल्या एकाही माणसानं पाय पुढे टाकला नाही. उलट दोन-तीन हात वर झाले, मोबाईलवर व्हिडिओ काढायला!

"आता पापाची पट्टी अग्नीला," म्हणत बापूंनी रोलची ओली पट्टी होमावर धरली.

त्या क्षणी विमलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोटो दाखवायचे आणि पट्टी जाळायची? का?

तिनं होमात हात घातला. पट्टी आखडत होती, वितळत होती. ती बोटांना चिकटली तरी विमलनं सोडली नाही. चेल्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. दुसऱ्यानं मनगट मुरगाळलं. तिनं त्याच्या हाताचा असा कडकडून चावा घेतला, की तो आई गं करत मागे सरला.

"दादा!" तोंडातलं रक्त थुंकून ती ओरडली. "सख्ख्या बहिणीला तुझ्या दारात मारताहेत. अजून जमिनीकडेच बघणार आहेस?"

मानसिंगरावांनी मान वर केली. "थांबा," ते म्हणाले. मग कोपऱ्यातली काठी उचलून पुन्हा म्हणाले, "थांबा म्हणतो ना! हात लावायचा नाही तिला."

विमलनं दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीपुढे पट्टी धरली. शेवटचं टोक जळालं होतं, पण सुरुवातीची चित्रं शाबूत होती.

"या, जवळ या. हा पहिला कोण?"

लोक वाकले. काळाठिक्कर चेहरा, पांढऱ्या बाहुल्या, काळे दात. गळ्यात बापूंची माळ.

"बापू," कुणीतरी पुटपुटलं.

"दुसरा? दादा, हा तू. बघ, तुझ्या मिशा काळ्या झाल्यात. ही वहिनी. हा समरजित. सगळेच डाकणी! मग सांडशी कुणाकुणाला लावायची?"

दोघं-तिघं आणखी वाकून पट्टीवर आपापलं चित्र शोधू लागले.

"अरे, ही निगेटिव्ह आहे. रोलवर उजेड पडतो तिथं काळं होतं, अंधार असतो तिथं मोकळं राहतं. म्हणून पट्टीवर सगळं जगच उलटं. ती कागदावर छापली की उलट्याचं सुलट होतं. तुमचे फोटो यानं एकदा छापले. स्नेहलचा दोनदा. छापलेल्या फोटोवर दुसरा कोरा कागद दाबून धरला, दिवा दाखवला, औषधात बुडवला. सुलट्याचं पुन्हा उलट. एवढीच याची माताजी! तुमच्या लग्नाच्या अल्बममागे अजूनही या पट्ट्या पडल्या असतील. नुसतं आठवून बघायचं होतं."

"जूठ! बधु जूठ!" बापू ओरडले. "मग गालावरच्या चार रेघा? त्या कुठून आल्या?"

विमलनं कमरेचा मोबाईल काढला, कॅमेरा सुरू केला आणि स्नेहलच्या त्या भयंकर फोटोवर धरला. उलटे रंग दाखवणाऱ्या पडद्यावर डाकण नाहीशी झाली. तिथं चोवीस वर्षांची, भेदरलेली एक मुलगी दिसली. काळे केस, सुजलेला ओठ. आणि लखलखत्या चार रेघांच्या जागी चार काळे वळ.

"रोल जूठ बोलत नाही, हे मात्र यानं खरं सांगितलं," विमल म्हणाली. "समरजित, ये इकडे. ही नखं कुणाची?"

समरजितनं स्नेहलचे हात केव्हाच सोडले होते. आता त्यानं स्वतःचा उजवा हात हळूच पाठीमागे लपवला. ते सगळ्या पोळेनं पाहिलं.

मग गर्दी उसळली. "मारा साल्याला!" म्हणत लोक बापूंवर तुटून पडले. कुणी चप्पल काढली, कुणी तीच सांडशी उचलली. बापू होमाच्या कडेला कोलमडले, दाढी होरपळली. विमल मधे पडली.

"बास! थोड्या वेळापूर्वी ती जळत होती तेव्हा हे हात कुठं होते? तेव्हा तुम्ही शूटिंग करत होता. ते व्हिडिओ पुसू नका, पोलिसांना द्या. याविरुद्ध कायदा आहे आता." मग तिनं फुटलेला ओठ पदरानं पुसला. "आणि मला कुणी शूर म्हणू नका. परवा तिला मारलं तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवला होता."

पोलिस आले. बापू, चेले, कॅमेरा, त्रिवेणी, सगळं गाडीत चढलं. जमादारानं वही उघडली. "फरियाद कुणाविरुद्ध?"

"भुवाविरुद्ध," मानसिंगराव घाईनं म्हणाले.

स्नेहल उठली. दंडावर ओला पंचा गुंडाळलेला. तिनं पाटाखाली पडलेला तो काळा फोटो उचलून जमादाराच्या हातात दिला.

"दोन नावं लिहा," ती म्हणाली. "दुसरं माझ्या नवऱ्याचं. पुरावा यात आहे."

समरजित "आत्या, तू तरी सांग" म्हणत विमलकडे वळला. विमलनं भाजलेल्या हातानं स्नेहलचा हात धरला आणि दोघी दवाखान्याच्या रिक्षात बसल्या.

वाचकहो, बापूंची युक्ती शाळेच्या प्रयोगशाळेत कुणीही तासाभरात करून दाखवील. ती कळायला पदवी लागत नाही, पट्टी जळण्याआधी 'दाखवा' एवढं म्हणण्याची हिंमत लागते. उद्या तुमच्या दारात कुणी एखाद्या बाईच्या अंगावरची खूण दाखवून तिला डाकण म्हणाला, तर बाकी काही करू नका. आधी एवढंच विचारा, की ती खूण केली कुणी.