उसना खोकला

"मान डावीकडे वळवली की चमक निघते, असं सांगा. डावीकडे. मागच्या खेपेला तुम्ही उजवीकडे सांगून आलात," शिंपीणबाई दारातच वाट अडवून म्हणाल्या.

"डावी काय नि उजवी काय, मान एकच ना," मावशी चपला पायांत सरकवत म्हणाल्या. "मी म्हातारी बाई. मला दोन्हीकडून दुखलं तरी डॉक्टरबाईंना नवल वाटायचं नाही."

पलीकडे भांडी घासणारी रिक्षावाल्याची बायको हसली. "मावशी, आमच्या ह्यांची जळजळ विसरू नका हं. जेवल्यावर नाही, जेवायच्या आधी होते."

"मान, जळजळ आणि खोकला, एवढं ओझं घेऊन गेले तर त्या मला तिथंच झोपवून ठेवतील. आज फक्त खोकला. तुमचं पुढच्या वेळी."

खोकला म्हटल्यावर शिंपीणबाईंनी वाट सोडली. तो कुणाचा, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशींचे यजमान काचेच्या कारखान्यात कायम कामगार होते. भट्टीपुढे उभं राहून त्यांनी उमर काढली आणि जाताना बायकोसाठी एक गोष्ट मागे ठेवली, कारखान्याच्या दवाखान्याचं कार्ड. ते तिच्या हयातीपर्यंत चालणार होतं. मुलगाही त्याच कारखान्यात, त्याच भट्टीपुढे उभा राहायचा, पण ठेकेदाराच्या माणसांत. त्यामुळे त्याला कार्ड नव्हतं आणि त्याच्या बायकोलाही नव्हतं. गल्लीत तर कुणालाच नव्हतं. बाकीच्यांनी मोठ्या इस्पितळाची रांग धरायची. तिथं काल ज्यानं छाती तपासली तो आज दिसायचा नाही, आणि आज जो दिसेल तो पुन्हा पहिल्यापासून विचारणार. मावशींची सून दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा डॉक्टर वेगळा होता आणि औषधाचा रंगही.

मावशींना मात्र स्वतःच्या डॉक्टरबाई होत्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा त्यांची वेणी काळीभोर होती, आता कपाळाशी रुपेरी झालेली. यजमान गेले तेव्हा त्या घरी येऊन शेजारी बसल्या होत्या. मावशी नुसत्या "नमस्कार" म्हणाल्या तरी रात्री झोप झाली की नाही, हे त्यांना आवाजावरून कळायचं. असं माणूस आपण एकटीनंच वापरायचं, हे मावशींच्या मनाला पटेना. म्हणून एकदा शेजारणीच्या हाताची खाज त्यांनी आपली म्हणून सांगितली. मलम लागू पडलं. तेव्हापासून गल्लीतली सगळी दुखणी मावशींच्या अंगात मुक्कामाला येऊ लागली.

पहाटे देवापुढे हात जोडताना त्या हळूच म्हणत, "खोटं बोलते, हे तू बघतोसच. कुणासाठी बोलते, तेही बघ." एवढं सांगितलं की त्यांचं मन निवांत व्हायचं.

पण गेला आठवडाभर ते निवांत होत नव्हतं. सून गादीच्या कारखान्यात कापूस पिंजायच्या यंत्रापाशी काम करायची. तिचा खोकला हटत नव्हता. परवा नळावरून अर्धी भरलेली बादली आणताना ती अर्ध्या वाटेत खाली बसली, आणि वर "पाय मुरगळला" म्हणाली. मावशींनी मागे आणून दिलेली बाटली संपली होती आणि तसूभरही फरक नव्हता. आज काहीही करून चांगलं जालीम औषध आणायचं, असं ठरवून त्या निघाल्या.

डॉक्टरबाईंनी आधी नाडी पाहिली, मग विचारलं, "कफ पडतो?"

"पडतो. म्हणजे, नाही. कोरडा आहे."

"रात्री?"

"रात्री छान झोप लागते."

"सुट्टीच्या दिवशी कमी वाटतो का?"

"मला कुठली सुट्टी, बाई," मावशी सवयीनं बोलून गेल्या.

डॉक्टरबाईंनी नळी लावून पाठ आणि छाती सावकाश तपासली. "छाती स्वच्छ आहे. जरा खोकून दाखवा बघू."

मावशी खोकल्या. परक्या घरात शिरण्याआधी माणूस खाकरतो, तसं ते झालं.

डॉक्टरबाईंनी नळी गळ्यात अडकवली. "हा खोकला कुणाचा आहे, मावशी?"

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. उत्तर तोंडात तयार होतं, पण डोळ्यांपुढे ती अर्धी भरलेली बादली आली.

"सुनेचा," त्या म्हणाल्या.

"आणि मागच्या महिन्यातली मान?"

"शिंपीणबाईंची."

"जंत?"

"ते कोपऱ्यावरच्या घरातल्या धाकट्याचे. पण गोळी त्यालाच दिली हो, मी नाही खाल्ली."

डॉक्टरबाईंना हसू आवरलं नाही, पण ते लगेच मावळलं. "मला वाटायचं, घरात एकट्या पडता, बोलायला येता. म्हणून मी फार खोदून विचारलं नाही. चूकच झाली. मावशी, मागची बाटली मी तुमचं वय आणि तुमची छाती बघून दिली. ती मुलगी कशी श्वास घेते, हे मला माहीत नाही. निरोपावर खोकला बरा करता येत नाही. आत काही वेगळंच असलं तर आपण दोघी मिळून तिचं नुकसान करतोय."

मावशींनी हातातलं कार्ड पदराखाली घेतलं. "मग कार्ड काढून घेणार का?"

"कार्डाचं कोण बोलतंय? तिला घेऊन या."

"तिला कार्ड नाही."

"दुपारी नोंदणीची खिडकी बंद झाली की मी इथंच डबा खाते. तेव्हा समोर कोण बसलंय, हे मला कुणी विचारत नाही. आणि ती मान न् जंतवाली मंडळीही एकेक करून पाठवा. तुमच्या तोंडून नकोत."

घरी सून ऐकेना. "अर्धा दिवस मागितला की पुढच्या आठवड्यात कामावर घेत नाहीत. आणि मी काय बोलणार त्यांच्याशी? तुम्हीच सांगा ना, आई. तुम्हाला सांगता येतं."

"अगं, त्यांनी नळी लावून बघितलं. माझ्या छातीत तुझं काही सापडेना."

सून हसायला गेली आणि खोकल्यानं वाकली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पाठीची हाडं हाताला लागत होती.

तोड शिंपीणबाईंनी काढली. "हिच्या जागी मी जाते. मुकादमाला माणसं पुरी भरली म्हणजे झालं. तिथं सगळ्यांची तोंडं फडक्यानं बांधलेली, कोण बघतंय?"

"पण तुमची मान?" सुनेनं विचारलं.

"मान काय, इथंही दुखते, तिथंही दुखेल. मावशींनी इतके दिवस फुकट वागवली की."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी पहिल्यांदाच दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसल्या. आतला दरवाजा नीट लागला नव्हता. आधी डॉक्टरबाईंचं "श्वास घे, सोड" ऐकू आलं. नंतर सुनेचा आवाज आला. सुरुवातीला तो चाचरत होता.

"रात्री आडवं झालं की दम कोंडतो. मग मी उठून मोरीपाशी बसते. आईंना जाग येऊ नये म्हणून तोंडात पदर धरते."

मावशींनी डोळे मिटले. रात्री छान झोप लागते, असं त्या किती ठामपणे सांगून आल्या होत्या.

"सुट्टीच्या दिवशी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत बरं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं की सगळ्यात जास्त."

"हेच मला हवं होतं. कापसाची धूळ आहे ही. लवकर आलीस. श्वासातून औषध ओढायचा पंप देते, तो कसा ओढायचा हे माझ्यासमोर करून दाखव. पण पिंजायच्या जागेवरून हलायला हवं."

"शिलाईच्या बाजूला जागा आहे. मागितली नव्हती कधी."

"मागशील?"

"मागेन," सून म्हणाली. तो आवाज मावशींनी घरात कधी ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता, पण सरळ होता.

मावशींचा जीव भांड्यात पडला. देवाला काय म्हणावं, ते एकदम सुचेना, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले. आत खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज झाला. सुनेनं आवाज खाली आणला.

"बाई, अजून एक आहे. हे मी घरी कुणाला बोलले नाही..."

मावशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सवयीनं, कान पुढे करून उठल्या. मग पुढे झाल्या आणि तो दरवाजा आवाज न करता ओढून लावून घेतला. फट राहिली नाही ना, ते बोटानं चाचपून पाहिलं. आणि परत येऊन बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं ऊन आलं होतं, तिथं मांडीवर हात ठेवून बसल्या.