उपासाचा डबा

आपल्याकडं आगगाडीच्या डब्याला डबा म्हणतात आणि जेवणाच्या डब्यालाही डबाच म्हणतात. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्यानं पूर्णा-परभणी अपडाऊन करणारी माणसं जवळून बघितली असणार. गाडी पूर्णा स्टेशन सोडते न सोडते तोच झाकणं उघडतात, लोणच्याचा वास सुटतो आणि "घ्या, घ्या" सुरू होतं.

आणि माझा घसा बंद होतो.

कुणी बघत असलं की मला घास गिळता येत नाही. पाणी, चहा कसाबसा जातो. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो, गळा आवळतो, डोळे भरून येतात आणि वाटतं, आता गुदमरून मरणार, तेही चारचौघांत. हसू नका. पालीला भिणाऱ्या बाईला सगळे समजून घेतात. गिळायला भिणारी बाई कुणी ऐकलेलीच नसते, म्हणून मी हे नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सासरी खपून गेलं, कारण सून सगळ्यांच्या मागून एकटी जेवते याचं सासूबाईंना भारी कौतुक. चार पाहुण्यांत सांगत सुटतात. ऑफिसात मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन जेवते. प्रश्न होता तो गाडीचा.

आमच्या गाडीत विजयमालाबाई आहेत. शाळेत शिकवतात, आणि समोरच्याचं तोंड रिकामं दिसलं की त्यांना चैन पडत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी धपाटं पुढं केलं आणि मी घाबरून म्हणून गेले, "माझा उपास आहे." सोमवार होता, शोभून गेलं. मग मंगळवार आला, गुरुवार आला, शनिवार आला. चतुर्थी, एकादशी, प्रदोष, एक देव म्हणून मी सोडला नाही. उरलेल्या दिवशी पित्त. गोविंदराव म्हणून एक जुने कारकून आमच्यात बसतात, गाडीभर स्तोत्र पुटपुटतात. ते तर मला मानच द्यायला लागले. "निवेदिताबाई, आजकाल इतका नेम कोण पाळतं?" म्हणायचे. मी खाली बघून गालातल्या गालात हसायची.

सिद्धोधन मिरखेलला चढायचा. नुकताच नोकरीला लागलेला, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. गाडी लेट झाली की ती का लेट झाली याची अशी काही कारणं बनवून सांगायचा की गोविंदराव सोडून सगळे हसायचे. आणि तो कधी कुणाला खायचा आग्रह करत नसे, म्हणून त्या सगळ्या घोळक्यात मला तोच जवळचा वाटायचा. चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पेढे वाटले. "जयंतीचे," म्हणाला. गोविंदरावांनी पेढा कागदात गुंडाळून खिशात घातला. माझा पर्समध्ये गेला, कारण अर्थातच माझा उपास होता. घरी जाऊन, स्वयंपाकघराचं दार लोटून मी तो खाल्ला. चांगला होता. गोविंदरावांच्या पेढ्याचं काय झालं ते विचारायची मला गरज वाटली नाही, सिद्धोधनलाही वाटली नसावी.

मग एका सोमवारी तो चढला तो थेट माझ्यासमोर येऊन बसला आणि एक स्टीलचा डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"मायनं दिलाय, ताई. साबुदाण्याची खिचडी. आमच्यात उपास-बिपास कुणी करत न्हाई, तिला येतच न्हवती. शेजारच्या काकूला इचारून रात्री साबुदाणा भिजू घातला तिनं. म्हणली, ती बाई रोज उपाशीपोटी जायलीय, तिच्या पोटात काईतरी पडू दे."

त्यानंच झाकण काढलं. खिचडी अजून गरम होती. दाण्याचं कूट सढळ हातानं घातलेलं, वर लिंबाची फोड. चमचासुद्धा धुऊन कागदात गुंडाळून दिलेला.

माझ्याकडं आता एकही सबब उरली नव्हती. उपास म्हणावं तर हे उपासाचंच. सगळे बघायला लागले. विजयमालाबाई म्हणाल्या, "घे गं, किती मायेनं केलंय!" मी चमचा उचलला आणि गळ्यात ती ओळखीची मूठ आवळली गेली. मी चमचा खाली ठेवला आणि तोंडाला येईल ते बोलले, "आज माझा निर्जळी आहे."

माझ्या शेजारी पाण्याची बाटली होती. अर्धी. आत्ताच तिच्यातलं पाणी मी सगळ्यांदेखत प्यायले होते.

सिद्धोधननं बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. झाकण लावलं, नीट दाबून. "ऱ्हाऊ द्या ताई. समजलं," एवढंच म्हणाला आणि पिंगळी स्टेशन यायच्या आधीच उठून दाराशी जाऊन उभा राहिला. विजयमालाबाईसुद्धा गप्प झाल्या, यावरून काय ते समजा.

परभणीला जिना चढताना गोविंदराव माझ्या बरोबरीनं आले. हळूच म्हणाले, "बरं केलंत. तोंडावर नाही म्हणायला हिंमत लागते. मी आपला भिडेखातर खिशात घालतो." तिथल्या तिथं ओरडून सांगायला पाहिजे होतं. पण काय सांगणार? मी मान खाली घातली, आणि त्या माणसानं तोही होकारच धरला.

दुसऱ्या दिवसापासून सिद्धोधन मागच्या डब्यात चढायला लागला.

मला झोप लागेना. लोकांनी मला वेडी म्हटलं असतं तर चाललं असतं, पण हे नको होतं. मिरखेलमध्ये एका बाईनं पहाटे उठून मला खिचडी केली होती, आणि तो डबा भरलेला परत गेला होता. तिनं तो हातात घेतला असेल तेव्हा लेकानं तिला काय सांगितलं असेल? आणि ती काय म्हणाली असेल? बहुधा काहीच नाही. तिला ते नवीन नसणार, याचाच मला जास्त त्रास होत होता. शेवटी ठरवलं, खरं काय ते त्याला सांगून टाकायचं.

संध्याकाळच्या गाडीला मी मागच्या डब्यात चढले. तो खिडकीशी बसला होता. मला बघून सरकला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. पिंगळीला आमच्या बाकांवरची माणसं उतरली आणि आम्ही दोघंच समोरासमोर राहिलो. मी सगळं सांगितलं. घसा, रेकॉर्ड रूम, सासूबाई, खोटे उपास, पर्समधला पेढा. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मला लोकांनी लय कारणं सांगितलीत. पोट बिघडलंय, डाएट हाय, डॉक्टरनं नको म्हणलंय. हे कारण तेवढं पहिल्यांदा ऐकायलोय."

"खरं सांगते रे. उद्या परत आण. मी खाऊन दाखवते."

"आता परत तिला पहाटं उठवू? कशाला? तुमाला खाता येतंय का ते बघायला?"

मी पर्समधून माझा स्वतःचा डबा काढला. दुपारची अर्धी पोळी आणि बटाट्याची भाजी उरली होती. "हे माझ्या घरचं आहे. माझ्या हातचं आहे. तू बघ, हेसुद्धा मला तुझ्यासमोर गिळता येणार नाही," म्हणाले आणि घास तोंडात घातला.

तो बघत राहिला. मी चावत राहिले. घास फिरला, फिरला, आणि घशाशी येऊन अडकला. श्वास कोंडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हुंदका आला, मी तोंडावर पदर दाबला. आतून मात्र म्हणत होते, बघ, बघ, आता तरी पटलं ना? आयुष्यात पहिल्यांदा माझी भीती मी कुणाला तरी उघड दाखवत होते.

त्याचा चेहरा बदलला. क्षणभर मला वाटलं, पटलं. पण तो उठला.

"बास करा ताई," तो म्हणाला. "माझ्यासमोर तुमच्या घरचा घाससुदिक उतरंना तुमाला. मी जातो तिकडं. तुमी निवांत खावा."

मी हातानं खुणावलं, थांब, थांब. तोंड भरलेलं, शब्द फुटेना. त्यानं बॅग खांद्याला लावली आणि माझ्याकडं पाठ केली.

त्याची पाठ वळली आणि घास गेला. आपोआप, सुळकन, काही झालंच नव्हतं असा. मी तो अडवायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. अडला नाही. श्वास मोकळा झाला.

गाडीचा वेग कमी झाला, मिरखेल आलं. दाराशी पोचून त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. माझं तोंड रिकामं होतं, आणि ते त्याला दिसलं.