निर्णायक मत

गावच्या पहिल्या महिला नगराध्यक्ष होण्यासाठी सुलक्षणाताईंनी काहीच केलं नव्हतं. जागा महिलेसाठी राखीव निघाली, पक्षातल्या दोन्ही गटांना एकमेकांची बाई चालेना, आणि फैजपूरकडून सून म्हणून आलेली ही शांत शिक्षिका कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. प्रचाराच्या पत्रकावर त्यांच्यापेक्षा मोठा फोटो त्यांच्या यजमानांचा, प्रेमराजांचा होता. पण मतं मागत दारोदार हिंडल्या त्या भाजीबाजारातल्या बायका. मंजुळाबाई सगळ्यांत पुढे.

पहिलं वर्ष फिती कापण्यात आणि नारळ फोडण्यात गेलं. फायली आधी प्रेमराज घरी वाचत, मग ताई सही करत. मुलींच्या शाळेजवळ स्वच्छतागृह बांधायचा विषय त्यांनी एकदा काढला. उपनगराध्यक्ष रुपचंद हसून म्हणाले, ताईंनी उद्घाटनाला यावं, बाकी आम्ही बघतो.

मग भाजीबाजार उठवून तिथे व्यापारी संकुल बांधायचा ठराव आला. रुपचंदांनी तो आणला होता आणि प्रेमराजांचीही त्याला संमती होती. बायकांना गावाबाहेर, नाल्यापलीकडे जागा मिळणार होती. मंजुळाबाई ताईंच्या घरी येऊन दारातल्या ओट्यावर बसली. तिने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "तू शे ना तठे, मंग आम्हले काय चिंता?"

ताईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

सभेत भाजीबाजाराच्या वॉर्डातली एक नगरसेविका ऐन वेळी विरोधकांकडे गेली आणि मतं समसमान झाली. सगळे ताईंकडे वळले. कोंडी फोडणारं मत अध्यक्षांचं असतं, हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रेमराज दारात उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली. मंजूर करून टाक, असा त्याचा अर्थ.

"माझं मत ठरावाच्या विरोधात," ताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मुख्याधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं.

बाजार वाचला. पण त्यानंतर ताईंनी मांडलेला एकही विषय मंजूर झाला नाही. स्वतःच्या पक्षाने त्यांना वाळीत टाकलं. विरोधकांना पक्षातली फूट हवी होती, ताई नको होत्या. पुढच्या सभेत तेही विरुद्ध गेले. प्रेमराज कामाचं निमित्त सांगून जळगावला, पिंप्राळ्यात मुलाकडे राहायला गेले. फोनवर ते फक्त औषधांचं विचारत.

पाण्याची ओरड घेऊन बायका रोज दालनात येत. ताई ऐकून घेत आणि त्यांच्या हातून काहीच होत नसे. शेवटी त्यांनी राजीनामा द्यायचं ठरवलं आणि आधी मंजुळाबाईला बोलावून सांगितलं.

"तू उतरनी का तो रुपचंद चढी," मंजुळाबाई म्हणाली. "मंग आमना बाजार ऱ्हाई का?"

"मला तिथे श्वास घेता येत नाही गं."

"माहीत शे," मंजुळाबाई म्हणाली, आणि तिची नजर खाली गेली. तरीही तिने जा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई अकराला कार्यालयात गेल्या. शिपायाने दार उघडलं, पंखा लावला. बाहेर बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. ताईंनी पहिलीला आत बोलावलं.