बाटली पडल्यासारखा आवाज

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना ट्रम्पेट आहे. भाईंदरजवळच्या उत्तन गावात, एका घराच्या मागच्या खोलीत, खुंटीला टांगलेला असतो. माझ्या अंगावर हिरवट डाग चढलेत आणि एक बटण आत गेलं की वर येत नाही. पण आज मी स्वतःपेक्षा माझ्या मालकाबद्दल, मॅथ्यूबद्दल, जास्त सांगणार आहे.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. मॅथ्यूच्या वडिलांनी मला मुंबईच्या बाजारातून आणलं आणि पुढे मी मॅथ्यूच्या हातात आलो. मॅथ्यू दिवसा धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी बँडमध्ये मला वाजवायचा. लग्नं, सण, मयत, सगळीकडे आम्ही गेलो. ढोल वाजवायला जवळच्या मुर्धा गावचा धर्मा असायचा. त्याच्या घरची पूर्वी मिठागरं होती, आता त्याचा टेम्पो आहे. मॅथ्यूने लांब सूर धरला की लोक बोलायचे थांबत. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

पण लग्नात बँडवाल्यांना दारू पाजायची रीत होती आणि मॅथ्यूला नाही म्हणता येत नसे. हळूहळू तो घरीही प्यायला लागला. बाटल्या खाटेखाली लपवायचा. एकदा एका मयतीला तो इतका प्यालेला होता की माझ्यातून भलतेच सूर निघाले आणि तो रस्त्यातच बसला. त्याची बायको फ्लोरिन सगळ्या गावादेखत त्याला धरून घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच चर्चमध्ये गेला आणि शपथ घेऊन आला. ती त्याने पाळली. कित्येक वर्षं त्याच्या श्वासाला मला फक्त चहाचा वास यायचा.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत मॅथ्यूला ताप भरला आणि तपासणीत कोरोना निघाला. ऑक्सिजन चांगला होता म्हणून डॉक्टरांनी घरीच वेगळं राहायला सांगितलं. मॅथ्यू या मागच्या खोलीत, माझ्याजवळ, राहायला आला. दार बंद. फ्लोरिन जेवणाचं ताट बाहेर स्टुलावर ठेवायची आणि लांब गेल्यावर हाक मारायची. त्यांची मुलगी व्हेनेसा पुढच्या खोलीत मोबाइलवर ऑफिसचं काम करायची.

ताप उतरला. एका सकाळी मॅथ्यूने मला पुसायला हातात घेतलं. फुंकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून तो नुसता पुसत होता. अचानक त्याच्या उजव्या हातातलं बळ गेलं. मी निसटलो, खाटेच्या लोखंडी पायाला खणकन आपटलो आणि फरशीवर गडगडत खाटेखाली गेलो.

"काय पडला रे?" फ्लोरिनने बाहेरून विचारलं.

मॅथ्यूने उत्तर दिलं, पण शब्द एकमेकांत मिसळले. जीभ जड झाली होती. फ्लोरिन दाराशी आली. असं बोलणं तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं. खाटेखालून बाटली गडगडल्याचा आवाजही.

"बाटली कोणी आणून दिली तुला?" ती हळू आवाजात म्हणाली. शेजारी ऐकतील अशी तिला भीती होती.

तो नाही म्हणायचा प्रयत्न करत होता. नुसता घोगरा आवाज निघाला.

"घरात वयात आलेली पोर हाय. जरा तरी लाज वाटू दे."

तिने बाहेरच्या बाजूने खिडकी लोटली. थोड्या वेळाने धर्माचा फोन आला. मॅथ्यू फोन उचलत नाही म्हणून त्याने फ्लोरिनला लावला होता. "झोपलाय," असं तिने सांगितलं. मी खाटेखाली पडून हे सगळं ऐकत होतो. गावभर ऐकू जाणारा माझा आवाज, पण कोणी फुंकल्याशिवाय मला तोंड नाही. माझ्याच पडण्याने तिचा संशय पक्का झाला, ही गोष्ट मला अजून खाते.

दुपारचं ताट स्टुलावर तसंच राहिलं. दिवस कलायला लागला तेव्हा व्हेनेसाने मास्क लावला आणि आईला न विचारता दार उघडलं. मॅथ्यू खाटेला टेकून जमिनीवर बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबता. व्हेनेसाने गुडघे टेकले, मास्क खाली केला आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं.

"मम्मी," ती म्हणाली, "दारूचा वास न्हाय येत."

फ्लोरिनने घाईघाईने धर्माला फोन लावला.

धर्मा टेम्पो घेऊन आला. कोरोनाच्या भीतीने जवळ कोणी येत नव्हतं, त्याने मॅथ्यूला उचललं. भाईंदर पश्चिमेच्या हॉस्पिटलात डॉक्टर काय म्हणाले ते व्हेनेसाने नंतर याच खोलीत मावशीला फोनवर सांगितलं. कोरोनात काहींचं रक्त घट्ट होतं, गुठळी होते. ती मेंदूच्या नसेत अडकली की पक्षाघात होतो, ताप उतरल्यावरसुद्धा. "सकाळीच आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं," असं ते म्हणाले होते. हे असं जड कधीपासून बोलतात, असं त्यांनी विचारल्यावर फ्लोरिन नजर चुकवून बाहेर गेली होती.

मॅथ्यू वाचला आणि घरी आला. पण तोंडातून लाळ गळायची, म्हणून तो टॉवेलने तोंड झाकून बसे. बँडचे लोक भेटायला आले की भिंतीकडे वळे. उशीर का झाला असं कोणी विचारलं तर फ्लोरिन म्हणायची, "आमाला कळलाच न्हाय." असं म्हणताना ती त्याच्याकडे बघत नसे.

एके दिवशी धर्मा आला होता. तो स्वतःलाच दोष देत होता. "वहिनी, मी त्या दिवशी यायला पाहिजे होतं. तुम्ही ‘झोपलाय’ म्हणालात म्हणून राहिलो."

फ्लोरिनने हातातला चहा खाली ठेवला. "तो झोपला नव्हता, धर्माभाऊ. मना वाटला, प्यायलाय. लोकांना कळू नये म्हणून मी खिडकी लावली."

 मग टॉवेलाआडून मॅथ्यूचा एकेक शब्द आला. "मना... ठाव हाय." बऱ्याच वेळाने पुढचे आले. "मी पन... तेच... समजलो असतो."

फ्लोरिनने त्याच्या हातातून टॉवेल काढून घेतला, त्याचं तोंड पुसलं आणि टॉवेल परत दिला नाही. त्या संध्याकाळी तिने त्याला धरून बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं. लोक बघत होते. दोघांच्याही माना खाली होत्या, पण ती त्याच्या शेजारीच बसून राहिली.

मित्रांनो, मॅथ्यूचे ओठ आता माझ्याभोवती मिटत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. घरात कोणाचं बोलणं अचानक जड झालं, तोंड वाकडं झालं, हात उचलेना झाला, तर त्या माणसाच्या जुन्या चुका आठवत दाराबाहेर उभे राहू नका. दार उघडा, त्याचा चेहरा बघा आणि त्याला ताबडतोब दवाखान्यात न्या. लोक काय म्हणतील ते नंतर बघता येतं.

फ्लोरिन रविवारी चर्चमधून परतताना बायकांना थांबवून हेच सांगते, आपण काय केलं त्यासकट. सांगताना तिची नजर जमिनीवर जाते. पण पुढच्या रविवारी ती पुन्हा कोणाला तरी थांबवते.