वादीच्या दोन काठांवर

सुदेशनं गाडी थेट नदीच्या पात्रात उतरवली आणि एकुलत्या एका बाभळीच्या सावलीत उभी केली. पात्र कोरडं ठणठणीत. दोन्ही काठांवर खजुराच्या बागा आणि पाच-सहा घरांची गावं. अमिरातीतल्या फुजैराच्या डोंगरातली अशी तीन गावं सकाळपासून पाहून झाली होती, आणि सांगायचं ते अजून त्याच्या घशातच होतं.

"इथे नको हो," समिधा म्हणाली. "नदीच ना ही?"

"चिपळूणच्या माणसाला नदी शिकवतेस? वर बघ. ढगाचं नाव नाही. पाणी येणार कुठून?"

चिपळूणला नदी सांगून येते. दोन दिवस डोक्यावर पाऊस कोसळतो, घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात, मग माणसं ट्रंका माळ्यावर टाकतात. सुदेशला नदी म्हणजे एवढीच ठाऊक. इथे तिला वादी म्हणतात, हे काही त्याच्या लेखी मोठं ज्ञान नव्हतं.

समिधानं चटई पसरली. शेजारच्या ऑड्रीची होती, उसनी आणलेली. ऑड्री सुदेशच्याच ऑफिसात टायपिस्ट. पोळी-भाजी झाली, चहा झाला. सुदेशनं तीनदा घसा खाकरला.

अकरा दिवसांपूर्वी कंपनीच्या नव्या मालकानं त्याचा व्हिसा नव्यानं काढला होता. स्टोअरकीपरच्या जागी 'हेल्पर' लिहिलं होतं. काम तेच, पगार तोच. पण हेल्परला बायको-पोर इथे ठेवता येत नाही. त्यानं सगळ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी व्हिसाचं काम बघणारा माणूस म्हणाला, "खलास, सुदेश." महिनाअखेर समिधा आणि मुलगी, दोघींना भारतात परत जावं लागणार होतं. घरात सांगवेना, म्हणून ही सहल.

"समिधा, ऐक ना..."

"पप्पा, आय नीड द बाथरूम," आठ वर्षांची प्रज्ञा म्हणाली.

दोघी पलीकडच्या काठावर चढल्या. तिथल्या घरातून एका म्हातारीनं हात करून त्यांना आत बोलावलं. परत आल्या की पहिलं वाक्य हेच, असं सुदेशनं ठरवलं.

तेवढ्यात अलीकडच्या बागेतून एक म्हातारा अरबीत ओरडत धावत आला. यांच्या गावात गाडी लावलेली खपत नसेल, असं सुदेशला वाटलं.

"सॉरी, सॉरी! पाच मिनिट!"

म्हाताऱ्यानं दगड उचलला, बॉनेटवर हाणला आणि परत काठाकडे पळाला. सुदेशचं डोकंच फिरलं. भांडायचंच म्हणून त्यानं गाडी भर्रकन त्याच्यामागे काठावर घेतली, दार उघडलं, आणि वळणावरून नदी आली. तांबडी, कमरेएवढी, खजुराच्या झावळ्या लोळवत. चटई क्षणात गेली. वर आभाळ निळंशार होतं. पाऊस डोंगरापलीकडे कुठेतरी पडला होता.

"दो घंटा, इन्शाल्ला," म्हातारा म्हणाला आणि त्याच्याजवळ बसला.

पलीकडे समिधा आणि प्रज्ञा सुखरूप उभ्या होत्या. सुदेश काठावर बसून त्यांच्याकडे बघत होता. चाळीस हातांवर आपली माणसं, आणि आपण काही म्हणजे काही करू शकत नाही. महिनाअखेरनंतर तर मध्ये समुद्र असणार. तो उठला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला.

"तुम्हाला दोघींना जावं लागणार! व्हिसा नाही मिळत! मी सगळं करून बघितलं गं!"

समिधानं कानाला हात लावला. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा आवाज फुटेना, रडूच फुटलं. मराठीचा शब्दही न कळणाऱ्या म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पाणी गुडघ्यावर आल्यावर म्हातारा पलीकडे गेला आणि दोघींना घेऊन आला. प्रज्ञाच्या फ्रॉकचे खिसे खजुरांनी भरलेले. मागच्या सीटवर पडल्या पडल्या ती झोपली.

"काय ओरडत होता मघाशी?" समिधानं विचारलं.

"गाडी वाचली म्हटलं."

ती सलवारीचं पाणी पिळत राहिली.

"ऑड्रीची चटई गेली. जायच्या आधी दुसरी आणून द्यायला हवी."

"कुठे जायच्या आधी?"

"प्रज्ञाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी मी मंगळवारीच अर्ज दिलाय. ऑड्रीनं सांगितलं मला व्हिसाचं."

सुदेशचा हात किल्लीवरच राहिला.

"मग सकाळपासून बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून तर आले होते ना एवढ्या लांब."