कच्ची प्रत

गहिनीनाथनं बोट ओलं केलं आणि बाडाचं शेवटचं पान उलटलं. पानाच्या डोक्यावर छापलं होतं, 'वाचकाचा अभिप्राय'. खालचं सगळं पान त्यानं मुद्दाम कोरं सोडायला लावलं होतं. आता ते कोरं राहिलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत सह्या आणि प्रत्येक सहीपुढं मोबाईल नंबर. जागा पुरली नाही म्हणून कडेनं आडव्या सह्या, चार निळे अंगठे, आणि सगळ्यांच्या बोकांडी बसलेला ग्रामपंचायतीचा गोल शिक्का.

"त्रेपन्न झाल्या," सरपंच रंगनाथ खुर्चीत रेलून म्हणाला. "ह्या एका बाडावर. बाकीची सात बाडं बी माझ्याकडंच जमा झाल्यात. हे बघा."

"अरं, पर वाचलं का?"

"काय?"

"आतलं."

"आतलं काय वाचायचं नाना? बंदुकीच्या परवान्याचं हाय ना?"

"परवान्याचंच हाय, पर कादंबरी हाय ती. वाचून सांगा म्हनून आठ घरी एकेक बाड दिल्तं म्या. दोनशे बारा पानांचं निवेदन कुनी लिवतं का?"

"तेच तर लोक म्हनत्यात, नाना काय मेहनत घेतली! अवो, साहेबावर वजन पडतं. पातळ कागुद दिला का त्यो केराच्या टोपलीत जातो. सोमवारी नगरला कलेक्टर कचेरीवर मोर्चा हाय, आठच्या आठ बाडं मी स्वतः टेबलावर आपटनार. तुमी फकस्त भाषन करायचं. बिबट्यावानी गर्जना पायजे."

टेबलाभोवती बसलेली माणसं हसली. एकानं गहिनीनाथपुढं चहा सरकवला. गहिनीनाथ त्या चहाकडं नुसता बघत राहिला.

चूक तरी कुणाची म्हणावी? गेल्या वर्षभरात गावात जो कागद फिरला तो सहीसाठीच फिरला. पिंजरा लावा म्हणून सही, दिवसा वीज द्या म्हणून सही, शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना द्या म्हणून सही. कागद हातात आला की माणूस शेवटचं पान काढतो, खिशातला पेन काढतो, सही ठोकतो आणि शेजारच्या घरी देऊन मोकळा होतो. त्यात गहिनीनाथचा कागद म्हणजे काय, डोळे झाकून सही. परवान्याच्या चळवळीचा पुढारीच तो.

गहिनीनाथ सातवी पास. कोपरगावात एका पतसंस्थेच्या दारात स्वतःची दुनळी बंदूक घेऊन तेवीस वर्षं उभा राहिलेला. तेवीस वर्षांत एक बार काढला नाही. रिटायर झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात त्यानं दोनशे पानी वह्या आणल्या आणि लिहायला बसला. कादंबरीचं नाव त्या दुनळीच्या नळीवरून, 'बाराचा बोर'. त्यात पतसंस्थेवर दरोडा पडतो, टेम्पोचा पाठलाग होतो, दरोडेखोर शिंगणापुरात जाऊन दार नसलेल्या घरात लपतो आणि तिथंच त्याची झोप उडते. नगरच्या सावेडीतल्या प्रशांत छापखानेवाल्यानं हे सगळं टाईप करून दिलं आणि वर सल्ला दिला, "काका, आधी आठ कच्च्या प्रती काढू. आठ माणसांना वाचायला द्या. कुठं खटकतं, कुठं कंटाळा येतो, सांगू द्या त्यांना. मग सोमवारी मशीनवर घेतो."

गहिनीनाथला कंटाळ्याची फिकीर नव्हती. त्याला एकच पाहिजे होतं, कुणीतरी सत्ताविसाव्या भागापर्यंत पोचावं.

कारण दरोडा, टेम्पो, शिंगणापूर हे सगळं डोक्यातून काढलेलं. सत्ताविसावा भाग तेवढा डोक्यातून काढलेला नव्हता.

त्याचं असं झालं. दीड वर्षामागं इलेक्शन लागलं आणि ठाण्यातून सांगावा आला, परवानेवाल्यांनी बंदुका जमा करा. गहिनीनाथ सकाळी सात वाजता बंदूक खांद्याला अडकवून निघाला. गावातल्याच कानिफनाथच्या उसाच्या बांधावरून गेलं की रस्ता जवळ पडतो. कानिफनाथ खाली बसून गवत कापत होता, पाठ इकडं. आणि पलीकडच्या बांधावर बिबट्या बसलेला. गहिनीनाथनं काडतूस भरलं. बंदूक खांद्याला लावली. एवढं झालं, आणि पुढं काही झालं नाही. बोटानं ऐकलंच नाही. बिबट्यानं कानिफनाथला उसात ओढून नेलं, आणि गहिनीनाथ पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं बसला होता. कसा बसला, कधी बसला, त्याचं त्याला आठवत नाही. मग बंदूक पोत्यात गुंडाळली, रस्ता गाठला, ठाण्यात जमा केली. पावतीवर तारीख असते, वेळ नसते.

दुपारी गावात आला तेव्हा रडारड चालली होती. कुणीतरी त्याचा दंड धरून म्हणालं, "नाना, आज तुमची बंदूक असती तर!"

"जमा हाय," गहिनीनाथ म्हणाला.

तेवढे दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर चळवळ उभी राहिली. सरकारनं बंदूक काढून घेतली म्हणून माणूस गेला, हे पेपरात आलं, मोबाईलवर फिरलं. दोनदा तो भर सभेत खरं सांगायला उठला. दोन्हीदा 'कानिफनाथ' एवढंच म्हणून तो खाली बसला, आणि दोन्हीदा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून कादंबरी. तोंडानं निघत नाही ते कागदावर काढलं, दरोड्याच्या आणि पाठलागाच्या मधोमध ठेवलं. वाचणारा वाचेल, थांबेल, मान वर करून बघेल. मग जे व्हायचं ते होऊ दे. आणि इथं त्रेपन्न माणसांनी ते न वाचताच त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं होतं.

"एक तरी बाड मला माघारी दे," तो रंगनाथला म्हणाला.

"आता सह्या झाल्यालं कसं देऊ? जोडपत्र हाय ते."

"रंगनाथ, पाया पडतो."

सरपंच पुन्हा हसला. नाना गंमत करतात असं त्याला वाटलं. मग त्यानं गहिनीनाथचं तोंड बघितलं आणि हसू आवरतं घेत, वर सह्या कमी असलेलं एक बाड पुढं केलं.

तिथून पुढं दोन दिवस गहिनीनाथ ते एक बाड घेऊन गावभर फिरला. मारुतीच्या पारावर गेला. पोस्टमन म्हणाला, चष्मा बदलायचाय. शाळेतल्या मास्तरांनी बाड हातात घेऊन चाळलं, पेनाची टोपी काढली आणि विचारलं, "कुठं करू?" गहिनीनाथनं बाड त्यांच्या हातातून ओढून घेतलं. दूध डेअरीवर त्यानं स्वतःच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, पण सत्ताविसावा भाग आला की तो पानं उलटून पाठलागाचं पान काढायचा. लोक म्हणाले, "नाना, लई भारी. पिक्चर काढा."

घरी बायको सत्यशीला भाकरी थापत होती. तो चुलीपुढं जाऊन उकिडवा बसला.

"तू तरी वाच गं."

"मी कशाला वाचू? चाळीस वर्सं तुमचं ऐकतीयाच की."

"ह्यातलं न्हाई ऐकल्यालं."

सत्यशीलाचा हात परातीत थांबला. तिनं नवऱ्याकडं नीट बघितलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"आवं, बरं नाही का तुमाला? दोन दिस धड जेवला न्हाईत. नगं ती कादंबरी न् बिदंबरी. सोमवारचं भाषन तेवढं करा, मग चुलीत घाला सगळं."

रविवारी दुपारी प्रशांतचा फोन आला. "काका, उद्या सकाळी मशीनवर घेतोय. काही दुरुस्ती?"

"कुनी वाचलंच न्हाई रं."

"एकानंही?"

"एकानं बी."

"असं होतं काका. पुस्तक निघालं की वाचतील."

गहिनीनाथनं फोन ठेवला. त्याला ठाऊक होतं. पुस्तक निघणार, सरपंच त्याला हार घालणार, फोटो निघणार आणि ते पुस्तक दोनशे घरांत देवाच्या फळीवर जाऊन बसणार. उद्या कलेक्टरच्या टेबलावर सात बाडं, आणि माईकपुढं तो. पुन्हा तेच दोन शब्द.

ऊन कलायला लागलं तेव्हा अंगणात चपला वाजल्या. लंकाबाई आली होती. कानिफनाथची बायको. मागं तिची सून अश्विनी, गावच्या अंगणवाडीवर असते ती. अश्विनीच्या हातात एक बाड होतं.

गहिनीनाथ उठून उभा राहिला. हे नववं बाड कुठलं? त्यानं तर लंकाबाईच्या घरी बाड दिलंच नव्हतं. तेवढं धाडस त्याच्यात नव्हतं.

"अंगणवाडीत सह्याला आल्तं, नाना," अश्विनी म्हणाली. "मी झेरॉक्स मारून घेतली. बाकीच्यांनी सह्या करून मूळचं दिलं पुढं. आत्याबाई म्हनल्या, माझ्या मालकाच्या नावानं येवढं लिवलंय त्यांनी, सही करायच्या आधी वाच तरी."

"चार रोज वाचत हुती ती," लंकाबाई म्हणाली. "मी वाती वळत ऐकत हुते. लई चांगलं लिवलंय भावजी. त्यो टेम्पो नदीत जातो तवा माझ्या हातातला कापूस तसाच राह्यला."

"बसा की वहिनी."

ती ओट्यावर बसली. सत्यशीला पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दाराशीच थांबली. गहिनीनाथ खांबाला धरून खाली टेकला.

लंकाबाई पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

"एका जागी मातर खटकलं," ती म्हणाली.

"कुठं?"

"सत्ताविसाव्या भागात. ती बांधाची जागा. बोरीचं झाड हाय, मोटारीची खोली हाय. आमच्याच बांधावरनं लिवलंय ना?"

"व्हय."

"त्यात त्यो बंदूकवाला हाय. बंदूक त्याच्याकडंच असती, जमा केल्याली नसती. आन् तुमी लिवलंय का..." तिनं सुनेकडं बघितलं. "वाच गं ती वळ."

अश्विनीनं पान काढलं. तिथं तिनं कागदाची चिठ्ठी घालून ठेवली होती. ती वर न बघता वाचायला लागली, "'त्याने नेम धरला. परंतु बिबट्या आणि तो माणूस यांची झटापट चालली होती. गोळी माणसाला लागली असती. म्हणून त्याने जड अंतःकरणाने बंदूक खाली घेतली.'"

"हां. हे," लंकाबाई म्हणाली.

गहिनीनाथ जमिनीकडं बघत होता.

"भावजी, आमचे मालक गेले त्याच्या दुसऱ्या दिशी जंगल खात्याचा मानूस आल्ता. मला घिऊन गेला बांधावर. त्यानं जागा दावली मला. बिबट्या बसल्याला हुता तिथं. उठून लगीच झडप न्हाई घातली त्यानं. बसून हुता. ओल्या मातीत त्याच्या बुडाचा, पायाचा ठसा हुता. शेपटी हालवल्याली रेघ बी हुती मातीत. मी तिथं उभी राहून बघितलं. तिथनं मोटारीच्या खोलीपतुर मदी गवत बी गुडघ्याएवढंच हुतं."

तिनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"त्या बंदूकवाल्यानं बार काढला न्हाई, ह्येचा मला राग आला. पर मानसाचं व्हतं तसं, म्हनलं. भ्यालं आसंल. मी बी भेले आस्ते. पर ही झटापटीची वळ ऐकली आन् मला पुढचं ऐकूच यीना. बाकी समदी कादंबरी खोटी हाय, ते मला ठावं हाय. दरोडा खोटा, टेम्पो खोटा. त्येचं काय वाटलं न्हाई. ही वळ खोटी हाय ती सोसंना."

दारात सत्यशीलाच्या बांगड्या वाजल्या. ती चौकटीला धरून नवऱ्याकडं बघत होती. अंगणात कोंबड्या टोचत होत्या.

"मी सही न्हाई केली," लंकाबाई म्हणाली.

"वहिनी..."

"छापायला कधी जानार?"

"उद्या सकाळी."

"मंग आजच्याला येळ हाय."

गहिनीनाथनं तोंडावरून हात फिरवला. त्याला वाटलं आता ती उठेल, शिव्या देईल, गाव गोळा करील. तशी तयारी त्यानं कितीदा करून ठेवली होती. पण ती ओट्यावर आणखी मागं सरकली, भिंतीला पाठ लावली आणि पाय लांब केले.

"अश्विनी, पेन दे त्यांना."

अश्विनीनं बाड त्याच्या मांडीवर ठेवलं आणि वर पेन. गहिनीनाथनं झटापटीच्या ओळीवर रेघ मारली. एकदा मारली, मग पुन्हा मारली. पेन इतका दाबला की कागद फाटला. समासात जागा थोडीच होती. तो बराच वेळ पेन धरून बसला. मग त्यानं बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आणि बाड अश्विनीकडं सरकवलं.

अश्विनीनं ते उजेडाकडं धरलं. आधी मनात वाचलं. मग तिनं सासूकडं बघितलं, आणि अंगणवाडीतल्या पोरांना वाचून दाखवतात तसं शब्द तोडून, सावकाश वाचलं.

"'त्याच्या आणि बिबट्याच्या मधी कुणीच नव्हतं.'"

लंकाबाईनं डोळे मिटले होते. तिचा हात मांडीवरच्या पदराचा काठ चुरगाळत होता.

"पुढं," ती म्हणाली.