दहिवराचं उत्तर

कुंदाला एकच खेप मिळणार होती. बाप वारल्यापासून घरात शब्द चालायचा तो झिपरूनानांचा, म्हणजे थोरल्या काकांचा. नानांनी ओट्यावर बसून चार माणसांदेखत सांगून टाकलं होतं, "बारावी पास जयी तं शिक, मास्तरीन व्हय. नापास जयी तं आषाढना आधी हात पिवळा. शिरपूरनं स्थळ थांबेल शे."

बाकीच्या विषयांची तिला भीती नव्हती. भीती होती इंग्रजी साहित्याच्या पेपरची. त्यात त्या वर्षी अमेरिका लागली होती. धरणगावच्या कॉलेजात वर्गात अठ्ठावीस पोरं-पोरी, निम्म्यांनी नाशिक पाहिलेलं नाही, आणि अभ्यासाला अमेरिका! लागली तर लागली. पाठ करणाऱ्याला काय, अमेरिका काय आणि अमळनेर काय.

पण त्या पुस्तकातली एक गोष्ट कुंदाला पाठ करावी लागली नाही. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या एका काळ्या बाईची ती गोष्ट. बाई रोज तांबडं फुटायच्या आत शेतात जाते, दिवसभर वेचते, संध्याकाळी मालक तिच्या वजनात मारतो. गोष्टीखाली आठ मार्कांचा प्रश्न होता: ती बाई सूर्य उगवायच्या आधीच शेतात का जाते?

डिसेंबरातली संध्याकाळ होती. कुंदाची आई सुगंधाबाई वेचणीवरून येऊन, घरच्या दीड बिघ्यातल्या कापसातला पाला निवडत बसली होती. कुंदानं गंमत म्हणून तिला गोष्ट सांगितली आणि प्रश्नही विचारला.

"तठे बी कापूसच शे?" सुगंधाबाईचे हात थांबले. "आनि बाया बी आपलासारख्याच?"

"हां माय. जबाब सांग ना, कसाले जास ती इतली सकायमा?"

"येडी का काय वं तू! दहिवर पडेल ऱ्हास ना. दहिवरमा पाला वला ऱ्हास. ऊन पडनं का त्यान्हा भुगा व्हस, कापूसले चिकटस, मंग मालक भाव पाडस. आनि वला बोंडं हातले टोचतस बी कमी." तिनं आपली बोटं पुढं केली. नखांच्या कडा फाटलेल्या, काळ्या. "सांग तुन्हा सरले, सुगंधानी सांगं म्हनीसन."

कुंदा खूप हसली. दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजच्या फाटक्या डिक्शनरीत दहिवराला, म्हणजे दवाला, इंग्रजीत काय म्हणतात ते शोधलं, पाल्याला काय म्हणतात ते शोधलं, आणि जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत आईचं उत्तर दीड पान लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं इंग्रजीत स्वतःच्या डोक्यातलं काही लिहिलं होतं.

आठापैकी शून्य.

इंग्रजीच्या बन्सीलाल सरांनी तिला वर्गात उभं केलं. "कुंदा, हा साहित्याचा पेपर आहे, जिनिंगवरचा कापूस तोलायचा काटा नाही." वर्ग खदखदून हसला. हसणाऱ्यांत सगळी कापूसवाल्यांचीच पोरं होती, हे लिहायला मला लाज वाटते, पण होती. गाइडमधलं उत्तर सरांनी मोठ्यानं वाचलं: पहाट हे आशेचं प्रतीक आहे, उगवत्या सूर्यात ती आपलं स्वातंत्र्य पाहते.

तास सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं. आवाज खाली आला होता.

"तुझं उत्तर बरोबर आहे गं. माझी आईसुद्धा चोपड्याकडं दहिवरातच जायची वेचायला. पण पेपर तपासणाऱ्याच्या हातात छापील उत्तर असतं. तो शब्द जुळवतो. जुळले तर मार्क, नाही तर भोपळा. तुला पास व्हायचंय ना?"

"हो सर."

"मग सूर्य लिही."

कुंदानं घरी काही सांगितलं नाही. आई विचारायची, "मन्हा जबाब चालना का?" कुंदा म्हणायची, "मोठी परीक्षा तं येऊ दे." आणि पहाटे अंगणात येरझारा घालत ती सूर्य पाठ करायची. त्याच वेळी आई डोक्याला फडकं बांधून, कमरेला ओटी खोचून, दहिवरातनं शेताकडं निघालेली असायची. सूर्याकडं तिनं कधी पाहिलं असेल तर तो डोळ्यांवर आला म्हणून.

मार्चमध्ये पेपर झाला. प्रश्न आला. तोच. कुंदानं पेन टेकवलं आणि उचललं. बाहेर टाकीवर कावळे ओरडत होते. दीड पान आईचं तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं, आणि शिरपूरचं स्थळही होतं. तिनं पेन पुन्हा टेकवलं. प्रतीक, आशा, स्वातंत्र्य. एक अक्षर चुकलं नाही. ज्यानं जन्मात एक बोंड फोडलं नसेल, त्या पेपर तपासणाऱ्यासाठी तिनं सोन्यासारखा सूर्य काढला.

जूनमध्ये निकाल लागला. पास. इंग्रजी साहित्यात एकोणचाळीस. आठ वजा केले तर एकतीस, पासाला पस्तीस. कॉलेजच्या फाटकाशीच तिनं हिशेब करून पाहिला.

निकाल सांगायला ती थेट शेतात गेली. बाया तासातासानं सरकी टोबत होत्या, एकेका ओळीत बी मातीत रोवत होत्या. "पास जयी," एवढंच ती म्हणाली. सुगंधाबाई पदर तोंडाला लावून रडली आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल असं ओरडली, "मन्हा जबाबवर पोर पास जयी व! अमेरिकानी बाई दहिवरमा कसाले जास, ते मी सांगं व्हतं!"

"मंग आते तुलेच मास्तरीन करतीन वं सुगंधा," शेजारच्या तासातली भिकुबाई म्हणाली. बाया हसल्या. सुगंधाबाई सगळ्यांत जास्त हसली.

"सांग ना वं कुंदा यास्ले. लिखं व्हतं ना तू दहिवरनं?"

सूर्याचं पाठ केलेलं प्रत्येक वाक्य कुंदाला अजून येत होतं.

"हां माय," ती म्हणाली. "तेच लिखं व्हतं."

आणि आईनं आपल्या तोंडाकडं पाहायच्या आत कुंदानं तिच्या ओटीतली मूठभर सरकी घेतली, वाकली, आणि पुढचं तास धरलं.